गाणी सुचवणाऱ्या मॉडेलचा हिट रेट ०.८८ आला, पण गाइडना पटत नाही. चुकतंय कुठे?

तुम्ही लिहिलंय की नेरुळला एम.ई. करताय, लिसनब्रेन्झ या खुल्या संकेतस्थळावरच्या, कुणी कोणतं गाणं कधी ऐकलं याच्या नोंदी घेतल्यात, त्यातल्या २० टक्के रँडम काढून टेस्टला ठेवल्यात, आणि प्रत्येक खऱ्या गाण्यात ९९ रँडम गाणी मिसळून ते पहिल्या १० मध्ये येतं का, हे मोजलंय. गाइडचा संशय रास्त आहे. मॉडेलला हात लावू नका, आधी मोजणी सुधारा.

सगळ्यात मोठी गळती रँडम विभागणीत आहे. गणपतीत एखादी आरती घरोघरी वाजते. त्या दिवसांतल्या बऱ्याच नोंदी ट्रेनिंगमध्ये गेल्या की टेस्टचं उत्तर मॉडेलला आधीच फुटलेलं असतं. तारखेने कापा: वर्षाचे पहिले १० महिने ट्रेनिंग, ११वा व्हॅलिडेशन (मॉडेलच्या सेटिंग्ज ठरवायला), १२वा टेस्ट, आणि सगळ्या श्रोत्यांना तीच तारीख. शिवाय माणूस आवडतं गाणं पुन्हा पुन्हा ऐकतो. श्रोता आणि गाणं ही जोडी ट्रेनिंगमध्ये आधीच असेल, तर ते ओळखण्यात मॉडेलचं फारसं कौतुक नाही. जुन्या आणि नव्या जोड्यांचे आकडे वेगळे द्या. माझ्या मते प्रबंधाचा खरा निकाल नव्या जोड्यांचाच.

आता ती ९९ गाणी. १०० मधून १० निवडायची म्हणजे डोळे मिटूनही १० टक्के मिळतात. त्यात रँडम उचललेली बहुतेक गाणी फारशी कुणी न ऐकलेली असतात, त्यामुळे नुसती लोकप्रिय गाण्यांची यादीही हुशार दिसते. अशा मोजणीत दोन मॉडेल्सचा क्रम उलटूही शकतो, हे क्रिचेन आणि रेंडल यांनी २०२० मध्ये दाखवलं. ९९ ऐवजी पूर्ण कॅटलॉगवर, म्हणजे डेटातल्या सगळ्या गाण्यांवर, क्रम लावा. आकडा धाडकन खाली येईल. येऊ द्या, तोच खरा.

तुलनेला लोकप्रियतेची यादी, आयटम-केएनएन (ऐकलेल्या गाण्यांसारखी गाणी शोधणारी पद्धत) आणि एएलएस (श्रोते-गाणी तक्त्याचे छोटे घटक पाडणारी पद्धत) हवेतच, आणि तेही नीट ट्यून केलेले. २०१९ मध्ये दाक्रेमा, क्रेमोनेसी आणि यानाख यांनी शिफारशीच्या १८ न्यूरल नेटवर्क पद्धती तपासल्या. त्यातल्या ७ च पुन्हा उभ्या करता आल्या, आणि त्या ७ पैकी ६ जणी साध्या पद्धतींपुढे अनेकदा हरल्या. एएलएसमध्ये कच्चे प्ले काउंट (गाणं किती वेळा ऐकलं तो आकडा) घालू नका, त्यांचा लॉगॅरिदम घ्या. नाहीतर एकच गाणं ४०० वेळा ऐकणारा सगळं आपल्याकडे ओढतो.

वेळ हे फीचर वापरताय, तर टाइमस्टॅम्प यूटीसीत (जागतिक प्रमाणवेळेत) आहेत हे विसरू नका. ठाण्याहून सकाळी ८ च्या ट्रान्स-हार्बर लोकलमध्ये ऐकलेलं गाणं तिथे रात्री २:३० चं दिसेल. साडेपाच तास मिळवा, मगच सकाळ-संध्याकाळ असे गट पाडा.

मराठी गाण्यांत नावांचा घोळ मोठा: एकच गायिका देवनागरीत एक, रोमनमध्ये तीन. नावावर जोडू नका, म्युझिकब्रेन्झ या खुल्या संगीत-डेटाबेसच्या आयडीवर जोडा. एकाच अभंगाची पाच रेकॉर्डिंग असतील, तर 'वर्क' (मूळ रचना) पातळीवर एकत्र मोजायचं की वेगळं, हे सुरुवातीलाच ठरवून प्रबंधात लिहा. ज्या नोंदींना आयडीच नाही त्या किती टक्के गळाल्या, तेही द्या. त्यात मराठीचा वाटा हिंदीपेक्षा जास्त निघाला, तर मॉडेल मराठीला कमी लेखतंय की डेटाच अपुरा आहे, हे वेगळं काढावं लागेल.