चार महिने रिकाम्या घराचं भाडं भरू, की डिपॉझिटवर पाणी सोडू?

ताई, तुमचा मेसेज दोनदा वाचला, आधी थोडक्यात मांडतो म्हणजे बाकीच्यांनाही कळेल. पुण्यात टू बीएचके, भाडं २२ हजार, डिपॉझिट एक लाख, अग्रीमेंट ११ महिन्यांचं, लॉक-इन (म्हणजे तेवढा काळ घर सोडता येत नाही) ६ महिन्यांचा आणि त्यानंतर एक महिन्याची नोटीस. सात महिने झालेत. मिस्टरांना पुढच्या महिन्यात नागपूरला जॉइन व्हायचंय. ओनर म्हणतोय अग्रीमेंट ११ महिन्यांचं आहे, आधी गेलात तर दोन महिन्यांचं भाडं कापणार, वर पेंटिंगचे १५ हजार. आणि तुमच्यासमोर तीन पर्याय आहेत: एक, चार महिने रिकामं घर ठेवून भाडं भरत राहायचं म्हणजे डिपॉझिट "सेफ" राहील. दोन, नोटीस देऊन निघायचं आणि जे होईल ते होईल. तीन, भावाने सुचवलेलं, भाडंच बंद करायचं आणि "डिपॉझिटमधून कापून घ्या" सांगायचं. शिवाय नागपूरच्या घराचं ६० हजार डिपॉझिट आणि टेम्पोचे २० हजार उभे करायचेत, त्यासाठी पर्सनल लोन घ्यावं का, हा शेवटचा प्रश्न.

पहिला पर्याय आधी उडवून लावतो कारण तो दिसतो सुरक्षित आणि आहे सगळ्यात महाग. चार महिन्यांचे ८८ हजार तुम्ही नक्की देणार, त्यात "कदाचित" काही नाही. आणि अकराव्या महिन्यात ओनर पेंटिंगचे १५ हजार मागणार नाही असं कुठे लिहिलंय? म्हणजे १ लाख ३ हजार. आता नोटीस देऊन निघालात तर नोटिशीच्या महिन्याचे २२ हजार जातील, आणि धरून चाला की ओनरने म्हटलं ते सगळं खरंच कापलं, दोन महिन्यांचे ४४ आणि पेंटिंगचे १५, तर एकूण ८१ हजार. म्हणजे दुसऱ्या पर्यायातली वाईट परिस्थितीसुद्धा पहिल्यापेक्षा २२ हजारांनी स्वस्त. अख्खं डिपॉझिट बुडालं तरच गणित उलटतं, २२ अधिक १००, म्हणजे १ लाख २२ हजार. पण जो माणूस अख्खं डिपॉझिट बुडवू शकतो तो अकरा महिन्यांनंतरही बुडवू शकतो, तेव्हा चार महिने भाडं भरून तुम्ही त्याच्या दानतीचा विमा काढत नाही आहात, फक्त हप्ते भरताय.

आता ओनरचं म्हणणं खरं आहे का ते बघू, कारण त्यावर पुढचं सगळं अवलंबून आहे. अग्रीमेंट काढा आणि लॉक-इन आणि टर्मिनेशनचा क्लॉज शब्द न शब्द वाचा, एजंटने काय सांगितलं होतं ते विसरा. तुम्ही लिहिलंय तसं "६ महिने लॉक-इन, त्यानंतर कोणत्याही पक्षाने एक महिन्याची लेखी नोटीस देऊन करार संपवता येईल" असंच असेल तर दोन महिन्यांचं भाडं कापायला त्याला काही आधार नाही, विषय संपला. अग्रीमेंट ११ महिन्यांचं असणं आणि तुम्ही ११ महिने बांधील असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, लॉक-इन नावाची गोष्ट त्यासाठीच असते.

कधी कधी मात्र एका पानावर ६ महिने लॉक-इन आणि दुसऱ्या पानावर "लायसेन्सीने (म्हणजे भाडेकरूने) मुदतीआधी घर सोडल्यास उरलेल्या काळाचं भाडं देय राहील" असली ओळ घुसवलेली असते (फॉरमॅट कॉपी-पेस्ट, कोणी वाचत नाही). तसं निघालं तरी घाबरू नका. आपल्या काँट्रॅक्ट अ‍ॅक्टचं कलम ७४ सांगतं की करारात दंडाचा आकडा लिहिलेला असला तरी समोरच्याला मिळते ती वाजवी भरपाई, तो आकडा ही फक्त वरची मर्यादा. सुप्रीम कोर्टाने २०१५ मध्ये कैलाश नाथ असोसिएट्सच्या केसमध्ये हेच स्पष्ट केलंय की नुकसानच झालं नसेल तर नुसता क्लॉज दाखवून पैसे जप्त करता येत नाहीत. साध्या भाषेत, तुम्ही गेल्यावर दहा दिवसांत नवा भाडेकरू आला तर नुकसान दहा दिवसांचं, दोन महिन्यांचं नाही. म्हणून माझा आग्रह आहे की नोटीस दिल्या दिवसापासून तुम्हीच भाडेकरू शोधायला लागा, ऑफिसच्या ग्रुपवर टाका, सोसायटीत विचारा, आणि घर बघायला येणाऱ्यांना अडवू नका. पंधरा-वीस हजारांचं भांडण असं फुकटात मिटतं, वकिलाने मिटत नाही.

अग्रीमेंट रजिस्टर्ड आहे ना हेही तपासा. ११ महिन्यांचं असलं की रजिस्ट्रेशन लागत नाही हा समज महाराष्ट्रात चुकीचा आहे, महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे लिव्ह अँड लायसन्सचा (तुमच्यासारखं ११ महिन्यांचं अग्रीमेंट असतं तो) करार लेखी आणि रजिस्टर्ड हवाच, आणि ती जबाबदारी घरमालकाची. केलं नसेल तर त्याला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही, आणि आपल्या उपयोगाचं म्हणजे करार रजिस्टर्ड नसेल तर अटींबद्दल भाडेकरू जे सांगेल ते खरं धरलं जातं, उलट सिद्ध होईपर्यंत. नुसतं नोटरी केलेलं अग्रीमेंट निघालं तर ओनरला याची शांतपणे आठवण करून द्या, धमकी म्हणून नको. बरेच जण तिथेच मऊ होतात.

एक गंमत सांगतो. तुमच्या अग्रीमेंटची स्टॅम्प ड्युटी काढताना सरकार परत मिळणाऱ्या डिपॉझिटवर वर्षाला १० टक्के व्याज धरतं. ११ महिन्यांचं भाडं २ लाख ४२ हजार, त्यात एक लाखावरचं ते मानीव व्याज ९ हजारांच्या वर, आणि या सगळ्यावर पाव टक्का, म्हणजे ६३० रुपयांच्या आसपास. म्हणजे डिपॉझिट हे तुम्ही ओनरला दिलेलं बिनव्याजी कर्ज आहे हे सरकारलासुद्धा कळतं, फक्त आपल्याला कळत नाही, आपण ते परत मागताना उपकार मागितल्यासारखं मागतो.

भावाच्या सल्ल्याकडे येतो. भाडं बंद करून डिपॉझिटमधून वळतं करा, हे पुण्या-मुंबईत सर्रास चालतं आणि का चालतं ते मला समजतं, कारण डिपॉझिट परत मिळण्यापेक्षा ते संपवणं सोपं. पण एकतर्फी करू नका. आत्ता चूक ओनरची आहे, भाडं थांबवलंत की चूक तुमची होते, आणि मग तो अग्रीमेंटमधला भाडं थकवण्याचा क्लॉज काढून बसतो. त्याऐवजी हेच त्याच्याकडून लेखी हो म्हणवून घ्या: "नोटिशीच्या महिन्याचं २२ हजार भाडं डिपॉझिटमधून वळतं करून उरलेले ७८ हजार ताबा देताना द्यावेत." व्हॉट्सअ‍ॅपवर "ओके" आला तरी चालेल. तुमची अडकलेली रक्कम एका झटक्यात लाखावरून ७८ हजारांवर येते, आणि ओनरलाही एकदम लाख उभे करावे लागत नाहीत. बऱ्याच ओनरनी ते डिपॉझिट केव्हाच कुठेतरी घालवलेलं असतं हो, दुष्टपणा नसतो, हातात पैसेच नसतात, आधीच्या भाडेकरूचं डिपॉझिट नव्याच्या डिपॉझिटमधून द्यायचं असं चक्र चालू असतं. नवा भाडेकरू तुम्हीच आणून द्या असं मी म्हणतोय त्याचं हे दुसरं कारण.

पेंटिंगबद्दल. वापरामुळे भिंत मळणं, दारांचा रंग उडणं ही नेहमीची झीज आहे, तिचा खर्च घरमालकाचा. भिंतीला भोकं पाडली, पोराने स्केचपेनने चित्रं काढली, टाइल फोडली, तर तो तुमचा. पण अग्रीमेंटमध्ये "सोडताना पेंटिंगचा खर्च लायसेन्सी देईल" असं तुम्ही सही करून मान्य केलं असेल तर वाद घालण्यात अर्थ नाही, मग फक्त आकड्यावर बोला, पेंटरचं कोटेशन मागा, तुमच्या ओळखीच्या पेंटरचं दाखवा. राहायला आलात तेव्हाचे फोटो असतील तर आजच शोधून ठेवा. मी पहिल्या नोकरीत असताना भाड्याचं घर सोडलं तेव्हा ओनरने गीझरचे पैसे कापले होते, तो गीझर मी राहायला आलो त्या दिवसापासून बंद होता, पण सिद्ध कशाने करणार, एकही फोटो नव्हता. तेव्हापासून मी घरात सामान नेण्याआधी व्हिडिओ काढतो, बायको हसते.

आता सगळ्यात महत्त्वाचं, आणि इथे लोक हमखास चुकतात. चावी दिल्यावर डिपॉझिट मागायचं नसतं. चावी तुमच्याकडे आहे तोवर ओनरला तुमची गरज आहे, चावी गेली की तुम्ही नागपुरात आणि तो "पुढच्या आठवड्यात टाकतो" वर. बहुतेक अग्रीमेंटमध्ये रिकामा ताबा देताना डिपॉझिट परत करायचं असंच लिहिलेलं असतं, तर ती तारीख आत्ताच ठरवा, नोटिशीत लिहा, आणि त्या दिवशी समोरासमोर बसून घर दाखवा, मीटरचं रीडिंग, शेवटचं लाइट बिल, मेंटेनन्स सगळं मिटवा, पैसे खात्यात आले की चावी द्या आणि ताबा दिल्याचं दोन ओळींचं पत्र सही करून घ्या. चावी वॉचमनकडे किंवा एजंटकडे टाकून निघून जाऊ नका. त्याच्याकडे त्या दिवशी खरंच पैसे नसतील तर तोंडी वायदा नको, पुढची तारीख टाकलेला चेक घ्या. चेक बाउन्स झाला तर ३० दिवसांत नोटीस, त्यानंतर १५ दिवसांत पैसे नाही आले तर चेक बाउन्सच्या कायद्यातल्या कलम १३८ ची फौजदारी तक्रार, हे ओनरला पण माहीत असतं. सोसायटी टेम्पो बाहेर काढायला ओनरची एनओसी (ना-हरकत पत्र) मागत असेल तर तीही आधीच घेऊन ठेवा, ऐन वेळी ओनर तिथे अडवतात.

पण चावी धरून किती दिवस बसायचं यालाही मर्यादा आहे. अग्रीमेंटची मुदत संपल्यावरही ताबा सोडला नाही तर भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम २४ खाली दुप्पट दराने भरपाई लागू शकते, २२ चे ४४ हजार महिना. तुमचे चार महिने बाकी आहेत म्हणून ते आज तुमच्या डोक्यावर नाही, तरी नोटिशीची तारीख उलटू देऊ नका. तो आलाच नाही तर रिकाम्या घराचा व्हिडिओ काढा आणि "ताबा द्यायला तयार आहे, आपण आला नाहीत" असा ईमेल त्याच दिवशी करा, म्हणजे पुढचं भाडं तुमच्यावर चढत नाही.

पैशाच्या सोयीचं पटकन. पर्सनल लोन नको. तुमची दोन लाखांची एफडी आहे ना, तिच्यावर बँक ओव्हरड्राफ्ट (ओडी, म्हणजे एफडी न मोडता तिच्या तारणावर पैसे उचलायची सोय) देते, साधारण एफडीच्या दरापेक्षा एक-दोन टक्के जास्त व्याजाने. समजा एफडी ७ टक्के आणि ओडी ८ टक्के, तर ८० हजार तीन महिन्यांसाठी वापरले तर व्याज १,६०० रुपये, आणि त्याच काळात तेवढ्या एफडीवर १,४०० मिळतच राहतात, म्हणजे खरा खर्च २०० रुपये. तेच १४ टक्क्यांचं पर्सनल लोन घेतलं तर २,८०० व्याज, वर प्रोसेसिंग फी, आणि लवकर फेडायला गेलात तर त्याचा वेगळा चार्ज लागू शकतो. डिपॉझिट आलं की ओडी भरून टाका. मी तुमचा प्लॅन करताना हे ७८ हजार तीन महिने येणारच नाहीत असं धरलंय, आधी आले तर दिवाळी.

अजून एक, एचआरएची, म्हणजे घरभाडे भत्त्यावरची, टॅक्स सवलत घेत असाल (जुन्या टॅक्स रिजीममध्ये असाल तरच) तर घर सोडायच्या आधी भाड्याच्या पावत्या आणि ओनरचा पॅन घेऊन ठेवा, वर्षाचं भाडं लाखाच्या वर आहे म्हणजे ऑफिस पॅन मागणारच. भांडण झाल्यावर तो फोन उचलेल का?

आणि नाहीच दिलं तर? पोलीस स्टेशनला चकरा मारण्यात दिवस घालवू नका, हा दिवाणी मामला आहे. वकिलाची नोटीस पाठवा, निम्मी प्रकरणं तिथे मिटतात हा माझा अनुभव. नंतर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे दाव्याआधीच अर्ज करता येतो, कोर्ट फी नाही, लोकअदालतीत तडजोड झाली तर तो निवाडा कोर्टाच्या हुकुमासारखाच आणि त्यावर अपील नाही. दावा लावायला तीन वर्षं असतात. २०२१ च्या मॉडेल टेनन्सी अ‍ॅक्टमध्ये दोन महिन्यांपेक्षा जास्त डिपॉझिट घेऊ नये असं आहे म्हणून कोणीतरी सांगेल, पण तो नमुना कायदा आहे, केंद्राने राज्यांपुढे ठेवलेला, त्याच्या जोरावर ओनरशी भांडू नका.

माझा तडजोडीचा आकडा विचाराल तर १० ते १२ हजार. ताबा देण्याच्या दिवशी ओनर एवढे कापून बाकीचे तिथल्या तिथे देत असेल तर घ्या आणि नागपूरची गाडी पकडा, तेवढ्यासाठी नागपूरहून पुण्याला दोन फेऱ्या केल्यात तरी तेवढेच जातात, शिवाय रजा. ४४ वर अडून बसला तर मात्र सोडू नका. आज रात्रीच नोटिशीचा मेल टाका, व्हॉट्सअ‍ॅपवर कॉपी, आणि मेलमध्ये क्लॉजचा नंबर, ताबा देण्याची तारीख आणि ७८ हजारांचा आकडा, एवढंच. मिस्टरांचं जॉइनिंग, मुलांची शाळा, त्याने दिलेला त्रास यातलं काही लिहू नका.