कार्डावर नंबर कुणाचा?

प्रश्न: मुलगी उपयोजित कलेच्या शेवटच्या वर्षाला आहे. पुढच्या महिन्यात पुण्यात मुलाखती आहेत. चारचौघांत उठून दिसावी म्हणून मी रंग कालवायच्या पॅलेटच्या आकाराची, पारदर्शक प्लॅस्टिकची, सोनेरी अक्षरांची पाचशे व्हिजिटिंग कार्डं छापायला देतोय. नंबर माझा घातलाय, ती फोन उचलत नाही. तिने स्वतः घडी घातली की खोकं होणारं कार्ड केलं होतं, ते मी बंद केलं. कॉलेजच्या कामातही ती गुळाचं खोकंच करतेय. गुळाची खोकी करायला का चार वर्षं शिकवलं? अजून वेगळं काय करता येईल?
– एक वडील, इचलकरंजी

उत्तर: नमस्कार. तुमचं पत्र दोनदा वाचलं. मला कार्डापेक्षा त्या नंबराची काळजी वाटते. नोकरीचा फोन मुलीला येणार आणि उचलणार तुम्ही? स्टुडिओतून कुणी विचारलं, ‘हा रंग का घेतलात, रुजू कधी होता’, तर काय सांगाल? जिला कामावर घ्यायचं तीच बोलत नसेल, तर माणसं यादीतल्या पुढच्या नावाकडे जातात. तुमची माया कळते. पण आधी कार्ड गेलं, मग नंबर; तिच्या हातात उरलं काय? आणि ते खोक्यांचं वाक्य तुम्ही तिच्यासमोर बोलला असाल, तर तिला फार लागलं असेल.

गुळाचं खोकं किरकोळ नाही. कोल्हापुरी गुळाला २०१४ साली भौगोलिक मानांकन मिळालं, तरी पावसाळ्यात त्याला पाणी सुटायचं ते सुटतंच. पुठ्ठा ओला होतो, थप्पीतलं खालचं खोकं बसतं, मुंग्या लागतात. हे सोडवू पाहणारी मुलगी पॅकेजिंगचं खरं काम शिकतेय.

आकार विचित्र असला की कार्ड लक्षात राहतं, हा समज आधी काढून टाका. तुमची पॅलेट रंगाच्या दुकानालाही चालेल. मुलीचं काम त्यात कुठेच नाही. ती पाकिटात बसायची नाही, आणि मुलाखत घेणाऱ्याला मागे पेनाने दोन शब्द टिपायचे असतील तर शाई धरायची नाही. अमेरिकेतले केविन मिटनिक हॅकिंगसाठी तुरुंगात जाऊन आले आणि पुढे संगणक सुरक्षेचे सल्लागार झाले. त्यांच्या धातूच्या कार्डात कुलूप उघडायची बारीक अवजारं कोरलेली होती, ती सुटी करून वापरता यायची. कार्ड हातात आलं की माणसाचा धंदा कळायचा. तुमच्या मुलीने नेमकं हेच केलं होतं. मोजमाप, घडीची रेघ, खाचेत अडकणारी पाकळी, सगळं तिचं कसब त्या एवढ्याशा बोर्डात समोरच्याच्या हाती येतं.

तेच कार्ड तिला करू द्या. तीस-चाळीस नग पुरेत, ३०० जीएसएमचा, म्हणजे चौरस मीटरला ३०० ग्रॅम वजनाचा, जाड बोर्ड. घडीवर क्रीझिंग, म्हणजे आधी दाबून पाडलेली रेघ, नीट हवं, नाहीतर बोर्ड फुटतो. त्यावर नाव, काम, पोर्टफोलिओची, म्हणजे निवडक कामांच्या संग्रहाची, लिंक आणि तिचा नंबर. निवड मात्र पोर्टफोलिओवरच होते, म्हणून गुळाचं खोकंही तिने बरोबर न्यावं, फसलेल्या नमुन्यांसकट. पुढे एम.डेस., म्हणजे डिझाइनची पदव्युत्तर पदवी, करायची तर आयआयटीसारख्या संस्थांसाठीची सीड ही प्रवेश परीक्षा आणि एनआयडी या राष्ट्रीय डिझाइन संस्थेची परीक्षा आहेच. ते तिला ठरवू द्या.

प्लॅस्टिकची ऑर्डर मशीनवर चढली नसेल तर आजच थांबवा. आणि ते बंद केलेलं कार्ड घरात असेल तर तिच्याकडून मागून घ्या, एकदा स्वतःच्या हाताने घडी घालून बघा.