वाचकांचे प्रश्न : नागपूरच्या गच्चीवरून ताऱ्याचं मोजमाप

प्रश्न : मी बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहे. मे महिन्यात प्रतापनगरातल्या आमच्या गच्चीवरून डीएसएलआर कॅमेऱ्याने तुळा राशीतल्या डेल्टा लिब्रे या रूपविकारी, म्हणजे तेज बदलत राहणाऱ्या, ताऱ्याचे फोटो काढले. त्यावरून तेजस्विता मोजली, पण लागोपाठच्या दोन फोटोंतसुद्धा आकडा वरखाली होतो. मित्र म्हणतात, शहराच्या उजेडात आणि या उकाड्यात हे होणार नाही, मोठी दुर्बीण घे. बाबा पैसे द्यायला तयार आहेत. काय करू? (सोबत काही फोटो पाठवत आहे.)
— एक विद्यार्थी, नागपूर

उत्तर : दुर्बीण घेऊ नकोस. बाबांचे पैसे तूर्त बाबांकडेच राहू देत.

तारा तू फार चांगला निवडला आहेस. तिथे दोन तारे सुमारे २.३३ दिवसांत एकमेकांभोवती एक फेरी मारतात. त्यातला अंधूक जोडीदार तेजस्वी ताऱ्याच्या समोर आला की दोघांचा मिळून उजेड ४.९ प्रतीवरून ५.९ प्रतीपर्यंत उतरतो. प्रत हे तेजस्वितेचं माप, आकडा जितका मोठा तितका तारा अंधूक. एका प्रतीचा फरक म्हणजे उजेडात जवळपास अडीच पट. एवढा फरक तुझ्या कॅमेऱ्याला दिसायलाच हवा. तो दिसत नाही याचा अर्थ आकाशात काही बिघडलेलं नाही, उपकरणाची ओळख अजून पुरी झालेली नाही.

तुझे फोटो मी मोठे करून पाहिले. पहिली गोष्ट, ते जेपीईजी आहेत. जेपीईजी करताना कॅमेरा उजेडाच्या पायऱ्या स्वतःच्या मर्जीने बदलतो आणि प्रत्येक रंगासाठी २५६ पायऱ्याच ठेवतो. डोळ्यांना ते छान वाटतं, मोजमापाला ते निरुपयोगी आहे. रॉ फाइल, म्हणजे सेन्सरचे मूळ आकडे, ठेव. १४ बिटच्या कॅमेऱ्यात तिथे १६,३८४ पायऱ्या मिळतात आणि आकडा पडलेल्या प्रकाशाच्या प्रमाणात राहतो.

दुसरी गोष्ट, आणि माझ्या मते खरा घोटाळा इथेच आहे : तुझा फोकस फारच नेटका आहे. कॅमेऱ्याच्या सेन्सरवर प्रत्येक पिक्सेलसमोर लाल, हिरवी किंवा निळी काच असते. नेमक्या फोकसमध्ये तारा जेमतेम दोन-चार पिक्सेलांवर पडतो. तुझा कॅमेरा साध्या ट्रायपॉडवर होता, त्यामुळे पृथ्वी फिरते तसा तारा सरकत जातो. एका फोटोत त्याचा बहुतेक उजेड हिरव्या पिक्सेलवर, पुढच्या फोटोत लालवर. तारा तोच, आकडा वेगळा. म्हणून फोकस मुद्दाम थोडा बिघडव. ताऱ्याची दहा-बारा पिक्सेल रुंद चकती होऊ दे आणि मोजताना फक्त हिरव्या पिक्सेलांची बेरीज घे. फोटो म्हणून ते वाईट दिसेल. दिसू दे.

आता उकाड्याचं. सिलिकॉनच्या सेन्सरमध्ये उजेड पडला नाही तरी उष्णतेने इलेक्ट्रॉन सुटत राहतात. त्याला डार्क करंट म्हणतात. तापमान साधारण सहा-सात अंशांनी वाढलं की तो दुप्पट होतो. जानेवारीत आपल्याकडे रात्री पारा १२ अंशांवर असतो, नवतपात मध्यरात्रीही ३२ च्या आसपास. म्हणजे वीस अंशांचा फरक, तीन वेळा दुप्पट, आठ पट डार्क करंट. तुझ्या फोटोच्या डाव्या कोपऱ्यातले लाल-निळे ठिपके तेच सांगताहेत. मोठ्या वेधशाळांत याच कारणासाठी सीसीडी, म्हणजे प्रकाश टिपणारे सेन्सर, द्रवरूप नायट्रोजनने उणे शंभर अंशांच्या आसपास थंड ठेवतात. मी डिटेक्टरच्या चाचण्यांचं काम बरीच वर्षं केलं, आणि त्यातला मोठा वेळ काळ्याकुट्ट चौकटी, म्हणजे उजेड न पडू देता काढलेले फोटो, पाहण्यात गेला. ते काम मला कधी कंटाळवाणं वाटलं नाही, कारण डिटेक्टर अंधारात काय बोलतो ते कळल्याशिवाय उजेडात तो काय म्हणतो यावर विश्वास ठेवता येत नाही.

तुला नायट्रोजनची गरज नाही. लेन्सवर झाकण लाव, एक्सपोजर आणि आयएसओ तेच ठेव आणि वीसेक डार्क चौकटी काढ. पण त्या गच्चीवरच काढायच्या, फोटोंच्या अधेमध्ये. खाली उतरून कूलरच्या खोलीत काढलेल्या डार्क चौकटींचा उपयोग नाही, कारण तिथला सेन्सर वेगळ्या तापमानाचा. मग त्यांचा मध्यक काढून प्रत्येक फोटोतून वजा कर. कॅमेऱ्यातली ‘लाँग एक्सपोजर नॉइज रिडक्शन’ ही सोय बंद ठेव, नाहीतर तो हेच काम तुला न विचारता करतो. एक लक्षात घे : डार्क वजा केल्याने त्याची सरासरी जाते, त्यातली थरथर, म्हणजे फोटोगणिक होणारी चढउतार, जात नाही. शहराच्या उजेडाचंही तसंच. ताऱ्याभोवतीच्या कड्यातलं आकाश मोजून वजा करता येतं, त्याची थरथर मात्र मागे उरते. पाचव्या प्रतीच्या ताऱ्याला ती परवडते, बाराव्या प्रतीच्या ताऱ्याला परवडली नसती.

मेमध्ये हवेत धूळ असते, तीही तास-दोन तासांत बदलते. त्यावर उपाय जुना आणि भक्कम आहे : त्याच चौकटीतला, जवळपास त्याच रंगाचा आणि तेजाचा एक स्थिर तारा तुलनेला घे. धूळ दोघांनाही सारखीच अंधूक करते, फरक तसाच राहतो. कोणते तारे घ्यायचे त्याचे नकाशे एएव्हीएसओ, म्हणजे १९११ मध्ये स्थापन झालेली अमेरिकेतली रूपविकारी तारे पाहणाऱ्यांची संस्था, फुकट देते. डीएसएलआरने मोजमाप कसं करावं याची त्यांची पुस्तिकाही आहे. ती आधी वाच.

आणि आता सगळ्यात महत्त्वाचं. तुलनेला एक नव्हे, दोन स्थिर तारे घे आणि त्या दोघांतला फरक रात्रभर मोज. तो फरक बदलायला नको. तरी तो ०.०३ प्रतीने हलत असेल, तर ०.०३ ही तुझ्या मोजमापाची अनिश्चितता. हा आकडा वहीत डेल्टा लिब्रेच्या आकड्याच्या आधी लिही. तो लिहिलेला नसेल तर तुझा आलेख कितीही सुंदर आला तरी मी त्याला निरीक्षण म्हणणार नाही. तो लिहिलेला असेल तर प्रतापनगरच्या गच्चीवरची नोंद जगात कुठेही वापरता येईल.

घड्याळाचंही बघ. कॅमेऱ्याचं घड्याळ रोज थोडं सरकतं. सुरुवातीला आणि शेवटी मोबाइलवरच्या नेटवर्कच्या वेळेचा फोटो काढून ठेव. ग्रहण अपेक्षेपेक्षा लवकर लागतं की उशिरा, हे वर्षानुवर्षं नोंदवूनच अशा जोड्यांत एका ताऱ्यावरून दुसऱ्यावर वस्तुमान वाहतं का, ते तपासतात. त्यात मिनिटांना किंमत आहे. पृथ्वी सूर्याभोवती फिरते म्हणून ताऱ्याचा उजेड आपल्यापर्यंत आठ मिनिटांपर्यंत पुढे-मागे पोचतो. ती दुरुस्तीही करावी लागते, पण त्यासाठी ॲस्ट्रोपाय या मोफत संगणक प्रणालीत सोय आहे. पुढचे फोटो झाले की रॉ फाइली आणि डार्क दोन्ही पाठव.

प्रश्न : माझी मुलगी इलेक्ट्रॉनिक्स इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. तिला खगोलशास्त्रात जायचं आहे. नातेवाईक म्हणतात, त्यासाठी फिजिक्सच लागतं, आता उशीर झाला. खरं आहे का?
— एक पालक, मनीषनगर

उत्तर : खरं नाही. उलट अशा मुलींची या क्षेत्राला फार गरज आहे. नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे, ४५ मीटर व्यासाच्या ३० डिश, सुमारे पंचवीस किलोमीटर परिसरात पसरलेल्या. रेडिओ खगोलशास्त्रज्ञ गोविंद स्वरूप यांच्या नेतृत्वाखाली त्या उभ्या राहिल्या. त्यांतल्या प्रत्येक जोडीचे संकेत एकमेकांशी जुळवावे लागतात, आणि ३० डिशच्या जोड्या होतात ४३५. हे सगळं सतत, न थांबता. ते रिसीव्हर, ते डिजिटल यंत्र, हे इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांचंच काम. २ सप्टेंबर २०२३ ला गेलेल्या आदित्य-एल१ या सूर्याचा अभ्यास करणाऱ्या यानावरचं सूट हे उपकरण पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेच्या नेतृत्वाखाली बनलं, व्हीईएलसी हे दुसरं उपकरण बंगळुरूच्या आयआयए या खगोलभौतिकीच्या संस्थेत. लडाखमधल्या हानलेची दुर्बीण साडेचार हजार मीटर उंचीवर आहे आणि ती चालवतात बंगळुरूजवळच्या होसकोट्याहून, उपग्रहाच्या दुव्यावरून. यातलं काहीही इंजिनिअरशिवाय झालेलं नाही.

तिला पायथन ही संगणकाची भाषा आणि सिग्नल प्रोसेसिंग पक्कं करायला सांगा, सुट्टीतल्या प्रकल्पांसाठी या संस्थांकडे अर्ज करायला लावा. आणि २८ फेब्रुवारीच्या सुमारास, विज्ञान दिनाला, खोडदला प्रदर्शन भरतं, तिथे तिला घेऊन जा. तिथल्या इंजिनिअरांशी तिने स्वतः बोलावं, तुम्ही जरा बाजूला थांबा. नातेवाइकांना उत्तर द्यायची गरज नाही.

प्रश्न : मी मूळ वाशिमचा, आता मानेवाड्याला मुलाकडे असतो. हिंगोलीच्या औंढा नागनाथला लायगो होणार म्हणतात, पण तिथे दुर्बीण नाही. मग पाहणार कशातून? आणि आपल्याकडच्या ट्रक-ट्रॅक्टरांनी जमीन हादरते, त्याचं काय?
— एक ज्येष्ठ वाचक

उत्तर : काका, तुमचा दुसरा प्रश्न वैज्ञानिकांचाच आहे. लायगो उजेड पाहत नाही, अवकाशालाच किंचित ताणत-आकसत जाणाऱ्या गुरुत्वीय लहरी टिपतं. तिथे चार-चार किलोमीटरच्या दोन निर्वात नळ्या काटकोनात असतील. त्यांच्या टोकांना टांगलेल्या आरशांमधलं अंतर लेझरने मोजायचं. दूर कुठेतरी दोन कृष्णविवरं एकत्र आली की तिथून आलेल्या या लहरींनी ते अंतर प्रोटॉनच्या व्यासाच्या शंभराव्या भागाहूनही कमी बदलतं. ट्रॅक्टर सोडा, दूरच्या समुद्राच्या लाटांनीही त्याहून जास्त हादरा बसतो. म्हणून आरसे एकाखाली एक अशा चार टप्प्यांत टांगतात, आणि जागा निवडताना जमिनीची थरथर आधी मोजतात. केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३ मध्ये सुमारे २,६०० कोटी रुपयांच्या या प्रकल्पाला मान्यता दिली.

तरीही गोंगाट उरतोच. त्यातून खरा संकेत कसा काढतात? सीताबर्डीच्या मेन रोडवर शनिवारी संध्याकाळच्या कलकलाटात लांबून वाजणारं पाठ असलेलं गाणं तुम्ही ओळखता, कारण चाल आधीपासून मनात असते. इथे आइन्स्टाइनच्या समीकरणांवरून ती ‘चाल’ आधी गणिताने तयार करतात आणि नोंदीवर सरकवत जुळवून पाहतात. अशा जोड्यांसाठी ही पद्धत घडवण्यात १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला आयुकामधल्या संजीव धुरंधर आणि बी. एस. सत्यप्रकाश यांचा मोठा वाटा होता. १४ सप्टेंबर २०१५ ला अमेरिकेतल्या दोन केंद्रांवर सुमारे सात मिलिसेकंदांच्या फरकाने आलेला पहिला संकेत जेमतेम ०.२ सेकंदाचा होता. दोन्हीकडे तो सारखाच दिसला, म्हणून तो ट्रकचा नाही हे कळलं.

त्या दिवसाची नोंद सगळ्यांना खुली आहे. ३२ सेकंदांची फाइल, सेकंदाला ४,०९६ आकडे. तुमच्या मुलाला किंवा नातवंडांना थोडं पायथन येत असेल तर घरच्या लॅपटॉपवर ती उघडता येते. आधी आलेखात नुसता गोंगाट दिसेल, तेव्हा थांबू नका. साधारण ३५ ते ३५० हर्ट्झबाहेरचं सगळं गाळून टाका आणि मग पुन्हा बघा. कुठे अडलं तर अडलेली ओळ कागदावर लिहून पाठवा, पुढच्या अंकात उत्तर देईन.