गोळी चुरडता येत नाही, म्हणजे सेफ का?

प्रश्न: डॉक्टर, मुलगा न्यू जर्सीत असतो, अपघातानंतर पाठ खूप दुखते म्हणून त्याला ऑक्सिकॉन्टिन ही अफूच्या जातीची जोरदार वेदनाशामक गोळी दिलीय. ही गोळी चुरडता येत नाही म्हणे, मग सवय लागायची भीती नाही ना?

उत्तर: ताई, भीती आहेच. ही गोळी १९९६ ला बाजारात आली, औषध बारा तास हळूहळू सुटणारं, पण लोक ती चुरडून नाकानं ओढायचे नाहीतर विरघळवून टोचून घ्यायचे आणि सगळा डोस एकदम अंगात जायचा. म्हणून २०१० मध्ये गोळीच बदलली, आता ती सहज फुटत नाही, पाण्यात घातली की चिकट जेल होतं. पण कुणी अख्ख्या गोळ्याच जास्त गिळल्या तर हे काहीच अडवत नाही, आणि आधीच सवय लागलेले बरेच जण तेव्हा हेरॉइनकडे वळले, याचं मला फार वाईट वाटतं. मुलाला सांगा, सांगितलाय तेवढाच डोस, सोबत दारू अजिबात नको, डबी कुलपात ठेव. डोस जास्त झाला तर त्याचा परिणाम उतरवणारा नॅलोक्सोनचा नाकात मारायचा स्प्रे तिथे २०२३ पासून चिठ्ठीशिवाय मिळतो, तो घरात असूच दे. आणि गोळी मनानं एकदम बंद करू नको म्हणावं, डॉक्टरांना विचारून हळूहळू कमी कर.