सर्व्हिसिंग बाहेर केली, म्हणून वॉरंटी बाद?

प्रश्न : मी सांगलीत राहतो. गाडीची तीन वर्षांची वॉरंटी संपण्याआधी १४,५०० रुपये भरून आणखी दोन वर्षांची एक्स्टेंडेड वॉरंटी घेतली. गेल्या महिन्यात एसीचा कॉम्प्रेसर गेला. खर्च ३८ हजार. मधली एक सर्व्हिसिंग विट्यातल्या गॅरेजमध्ये केली होती, म्हणून वॉरंटी बाद झाली, असं शोरूमवाले सांगतात. काय करू?

उत्तर : ‘बाद झाली’ हे तुम्हाला कोणी सांगितलं? काउंटरवरच्या मुलाने तोंडी सांगितलं असेल, तर तो नकार सिद्ध करायला तुमच्या हाती अजून काहीच नाही. आधी ई-मेल करून नकार लेखी मागा. कोणत्या अटीखाली नाकारलं आणि बाहेरच्या सर्व्हिसिंगचा कॉम्प्रेसर बिघडण्याशी काय संबंध, हे दोन्ही त्यात विचारा. तुमचं सगळं प्रकरण या दुसऱ्या प्रश्नावर उभं आहे. गॅरेजवाल्याने ऑइल आणि फिल्टर बदलला. त्यामुळे कॉम्प्रेसर जातो, हे त्यांनाच पटवून द्यावं लागेल. इंजिन जाम झालं असतं, तर मी इतक्या खात्रीने बोललो नसतो.

आता सर्टिफिकेट काढून बघा : वॉरंटी कोणाची आहे? कार कंपनीची, डीलरची की मागे विमा कंपनी आहे? पैसे शोरूममध्ये भरले, एवढ्यावरून ते कळत नाही. नोटीस आणि तक्रारीत वॉरंटी देणारा आणि शोरूम, दोघांनाही सामील करा, नाहीतर ते एकमेकांकडे बोट दाखवतात. अटींची पुस्तिका तुम्हाला मिळाली होती का, हेही आठवा. ग्राहकाला न कळवलेल्या वगळणुकीच्या (म्हणजे काय भरून मिळणार नाही हे सांगणाऱ्या) अटीवर विमा कंपनीला विसंबता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१९ साली भारत वॉच कंपनीच्या खटल्यात म्हटलं आहे. तो निकाल विम्याचा. पण तुमच्या कागदामागे विमा कंपनी निघाली, तर थेट उपयोगी.

उन्हाळा आहे, दुरुस्ती थांबवू नका. मात्र पैसे भरताना ‘हक्क राखून भरत आहे’ असं लिहून द्या आणि जुना कॉम्प्रेसर परत मागा. लोक नेमकी इथेच चूक करतात. ग्राहक आयोगाला तो भाग प्रयोगशाळेत तपासायला पाठवता येतो, पण भंगारात गेला तर काय पाठवणार?

आधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करा; कधी तेवढ्यानेच काम होतं. नाही झालं, तर ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ खाली सांगलीच्याच जिल्हा आयोगात जा. तुम्ही राहता तिथे तक्रार चालते. वॉरंटीसाठी मोजलेली रक्कम पाच लाखांच्या आत असल्याने शुल्क नाही. तक्रार करण्याची मुदत दोन वर्षांची. तक्रार ‘सेवेतील त्रुटी’ म्हणूनच मांडा. ‘ही अटच अन्यायकारक’ असा मुख्य मुद्दा केलात, तर ‘अयोग्य करारा’ची तक्रार राज्य आयोगाकडे जाते, आणि ३८ हजारांसाठी तिथल्या फेऱ्या परवडत नाहीत.

एक गोष्ट मात्र नोटीस काढण्याआधीच खरी सांगा : विट्याच्या गॅरेजमध्ये त्या वेळी एसीचा गॅसही भरून घेतला होता का? घेतला असेल, तर त्या कामाचा कॉम्प्रेसरशी संबंध जोडता येतो; बिल माझ्याकडे आधी पाठवा.