नाक चोंदते, पण अहवाल ‘सामान्य’ : असे का होते?

प्रश्न : गेली काही वर्षे माझे नाक कधी डावीकडून, तर कधी उजवीकडून चोंदते; रात्री कूस बदलली की चोंदलेली बाजूही बदलते. नाकाचा पडदा थोडा वाकडा असल्याने डॉक्टरांनी शस्त्रक्रियेचा विषय काढला आणि त्याआधी रायनोमॅनोमेट्री (नाकातून हवा जाताना होणारा अवरोध मोजणारी चाचणी) करून घेतली. दोन्ही नाकपुड्यांचा एकत्रित अवरोध मात्र सामान्य निघाला. मग माझा त्रास मनाचा खेळ समजायचा का?

उत्तर : मुळीच नाही. तुमचा त्रास आणि तुमचा अहवाल, दोन्ही एकाच वेळी खरे असू शकतात.

या चाचणीत दाबाचा फरक आणि हवेचा प्रवाह एकाच वेळी नोंदवले जातात. नेहमीच्या पद्धतीत एक नाकपुडी चिकटपट्टीने बंद करून तिच्यात बारीक नळी बसवतात; त्या बाजूने हवा वाहत नसल्यामुळे नळीला नाकाच्या मागच्या पोकळीतला दाब कळतो, आणि त्याच वेळी दुसऱ्या नाकपुडीतून मुखवट्यात येणारी-जाणारी हवा मोजली जाते. नंतर बाजू बदलतात. दाबाला प्रवाहाने भागले की अवरोध मिळतो. मात्र श्वासाचा जोर वाढला की हवेत भोवरे उठतात आणि प्रवाह दाबाच्या प्रमाणात वाढत नाही, म्हणून अवरोध १५० पास्कल या ठरावीक दाबाला काढावा, अशी आंतरराष्ट्रीय समितीची १९८४ सालची शिफारस आहे. पडद्याला भोक असेल किंवा एक बाजू पूर्ण बंद असेल, तर या पद्धतीवर विसंबता येत नाही.

आता तुमच्या अहवालाकडे येऊ. निरोगी माणसाच्या नाकातही दोन्ही बाजूंचे अस्तर काही तासांच्या अंतराने आलटून पालटून सुजते आणि ओसरते. कायझर या जर्मन डॉक्टरांनी १८९५ मध्ये हे चक्र नोंदवले होते. कुशीवर झोपल्यावर खालची बाजू अधिक चोंदते, हेही नैसर्गिकच आहे. एका बाजूचा अवरोध वाढतो तेव्हा दुसरीचा घटतो आणि एकत्रित आकडा फारसा हलत नाही. म्हणून केवळ एकत्रित आकड्यावरून निष्कर्ष काढणे मला योग्य वाटत नाही. प्रत्येक बाजूचा आकडा स्वतंत्रपणे मागून घ्या.

त्याहूनही महत्त्वाची गोष्ट म्हणजे, अस्तराची सूज उतरवणारे औषध नाकात टाकून सुमारे १५ मिनिटांनी मोजणी पुन्हा केली होती का, हे विचारा. औषधानंतर अवरोध बराच उतरला, तर दोष मुख्यतः सुजलेल्या अस्तराचा असतो आणि ॲलर्जीचे किंवा दाहाचे उपचार आधी करायला हवेत; तो जवळजवळ तसाच राहिला, तर हाड, कूर्चा किंवा नाकाच्या पुढच्या भागातील अरुंद झडप यांकडे संशय वळतो. शस्त्रक्रियेच्या निर्णयात मी या तुलनेला सर्वाधिक वजन देईन. (हेच थेंब रोज टाकण्याची सवय मात्र लावून घेऊ नका, काही दिवसांतच त्यांच्यामुळे नाक उलट अधिक चोंदू लागते.)

राहिला जाणिवेचा प्रश्न. नाक मोकळे आहे हे आपल्याला कळते ते बहुतांशी आत येणाऱ्या हवेने अस्तर थंड झाल्यामुळे. मेंथॉल हुंगल्यावर नाक उघडल्यासारखे वाटते, पण मोजणीत अवरोध तेवढाच राहतो, कारण मेंथॉल गारवा ओळखणाऱ्या चेतातंतूंनाच उत्तेजित करते. याउलट, नाकातील टर्बिनेट (आतल्या भिंतीवरच्या, अस्तराने झाकलेल्या हाडांच्या घड्या) प्रमाणाबाहेर कापले गेलेल्या काही रुग्णांना मार्ग रुंद असूनही गुदमरल्यासारखे वाटते. त्यामुळे ‘त्रास आहे का’ याचे उत्तर यंत्राकडे मागू नये. ते रुग्णानेच द्यायचे असते. अडथळा किती, कोणत्या बाजूला आणि औषधाने हटणारा आहे का, एवढे यंत्र सांगू शकते.

प्रश्न : माझ्या लहान मुलाला मुखवटा लावून शांत बसवणे कठीण जाते. अकौस्टिक रायनोमेट्री त्याऐवजी चालेल का?

उत्तर : अनेकदा चालते. १९८९ पासून वापरात आलेल्या या तंत्रात नाकपुडीशी धरलेल्या नळीतून ध्वनी सोडतात आणि परतणाऱ्या प्रतिध्वनीवरून नाकाच्या आत कोणत्या अंतरावर किती रुंदी आहे याचा आलेख काढतात. मुलाला क्षणभर श्वास रोखण्यापलीकडे काहीच करावे लागत नाही. मात्र ही मोजणी आकाराची आहे, प्रवाहाची नव्हे. शिवाय पुढे फार अरुंद जागा असेल, तर तिच्या मागच्या भागाचे आकडे भरवशाचे राहत नाहीत; त्यामुळे वाढलेल्या ॲडेनॉइडची (नाकाच्या मागच्या बाजूला असलेल्या ग्रंथीची) शंका असल्यास दुर्बिणीने तपासणी करून घेणेच योग्य ठरेल.