गावठाणाजवळचा मोबाइल टॉवर आणि जुन्या पवनचक्कीच्या जागी नवी: अंतर, झोन आणि कागद

प्रश्न असा होता: धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात माळमाथ्यावर, निजामपूरच्या बाजूला, गावठाणाला लागून असलेल्या शेतात मोबाइल टॉवरसाठी एजंट येऊन गेला. शेजारच्या गटातली जुनी पवनचक्की काढून तिथे मोठी बसवणार अशी चर्चा आहे, आणि घर तिच्यापासून साधारण साडेचारशे मीटरवर आहे. ग्रामपंचायतीने ना-हरकत दाखला दिला नाही तर दोन्ही कामं थांबतील का? आणि घरापासून अंतर किती हवं?

भाऊ, दोन्हींना एकच उत्तर लागू होत नाही. टॉवर केंद्राच्या दूरसंचार कायद्याखाली येतो. पवनचक्की जमीन महसूल, वीज आणि राज्याच्या अपारंपरिक ऊर्जा धोरणाखाली येते. गावात मात्र दोन्हींना 'झोनची परवानगी' म्हणतात आणि सगळे अर्ज ग्रामपंचायतीच्या टेबलावर येऊन पडतात.

आधी टॉवर. खासगी जमिनीवर टॉवर उभारायचा तर मालकाशी लेखी करार लागतो. जुन्या मार्गाधिकार नियमांत (टॉवर, केबल यांसाठी जागा वापरायचे नियम) २०२२ साली दुरुस्ती झाली, तेव्हापासून खासगी जागेसाठी स्थानिक संस्थेची परवानगी लागत नाही. काम सुरू होण्याआधी लेखी कळवायचं आणि सोबत स्ट्रक्चरल इंजिनिअरचा दाखला जोडायचा. आता दूरसंचार कायदा २०२३ आणि त्याखालचे मार्गाधिकार नियम २०२४ लागू आहेत, १ जानेवारी २०२५ पासून. त्यामुळे ग्रामपंचायतीने ठराव करून 'परवानगी नाकारली' असं लिहिलं, तरी खासगी शेतातला टॉवर तेवढ्याने थांबेल अशी आशा ठेवू नका. ग्रामपंचायतीची स्वतःची जागा किंवा गावचा रस्ता वापरायचा असेल तर मात्र तिची परवानगी लागते. धुळे, जळगाव, शिरपूर अशा शहरी हद्दीत एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीच्या बांधकामविषयक अटीही पाहाव्या लागतात. त्यासाठी आधी नगररचना कार्यालयातून त्या गटाचा झोन दाखला (आराखड्यात ती जमीन कोणत्या वापरासाठी आहे त्याचा) काढा. शेती झोन म्हणजे आपोआप 'नाही' असं नसतं.

घरापासून अंतराबद्दल लोक शंभर, पाचशे असे आकडे फेकतात. दूरसंचार खात्याच्या २०१३ च्या सूचनांत घर आणि टॉवरमध्ये सरसकट अमुक मीटर असं काही नाही. शाळा किंवा दवाखान्याजवळ टॉवर नकोच, अशी बंदीही त्यांत नाही. अट आहे ती अँटेनाच्या थेट समोर, तिच्याच उंचीच्या आसपास येणाऱ्या इमारतीची: एक अँटेना असेल तर २० मीटर, दोन असतील तर ३५, चारला ४५, सहाला ५५. गावात टॉवर ४० मीटर आणि घर एक-दोन मजली, त्यामुळे समोरचं घर किरणाच्या रेषेत क्वचितच येतं. बरोबर टॉवरच्या पायथ्याशी राहणाऱ्यालाच सर्वांत जास्त किरण लागतात हा समज चुकीचा आहे. अँटेनाचा मुख्य झोत आडवा, किंचित खाली झुकलेला असतो आणि तो पायथ्याच्या बराच पुढे जमिनीला टेकतो. झोताच्या उंचीवर दुसरी गच्ची आली तर खरी अडचण, आणि ती शिरपूर-शहाद्यासारख्या दाट वस्तीत जास्त येते.

किरणांची मर्यादा १ सप्टेंबर २०१२ पासून आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या एक दशांश केली आहे. ९०० मेगाहर्ट्झला ०.४५ वॅट प्रति चौरस मीटर, १८०० ला ०.९. शंका असेल तर 'तरंग संचार' पोर्टलवर त्या टॉवरची नोंद पाहा. प्रत्यक्ष मोजणी हवी असेल तर तिथेच ४००० रुपये भरून मागणी करता येते. कुणी स्वस्तातलं चायनीज मीटर घेऊन 'रेडिएशन' दाखवत फिरत असेल तर ती मोजणी हरकतीत जोडू नका, पहिल्याच सुनावणीत उडते.

आवाजाची तक्रार बहुतेक वेळा टॉवरची नसतेच, डिझेल जनरेटरची असते. भारनियमनाच्या काळात तो रात्रभर चालतो. १००० केव्हीएपर्यंतच्या जनरेटरला आवरणासह एक मीटरवर ७५ डेसिबल ही मर्यादा आहे, आणि निवासी भागात रात्री दहा ते सकाळी सहापर्यंत ४५ डेसिबल. करारातच लिहून घ्या की जनरेटर घराच्या विरुद्ध बाजूला बसेल आणि त्याचं धुराडं वस्तीकडे तोंड करणार नाही. एकदा काँक्रीट ओतलं की तो हलत नाही.

आणि एजंट आगाऊ पैसे मागत असेल तर बोलणं तिथेच संपवा. 'ट्रायची एनओसी', 'विमा', 'कर' अशा नावांनी पाच-दहा हजार भरायला सांगतात. टॉवरसाठी ट्राय (केंद्राचं दूरसंचार नियामक प्राधिकरण) ना-हरकत देत नाही आणि शुल्कही घेत नाही. पैसे कंपनीने तुम्हाला द्यायचे असतात.

ग्रामपंचायतीच्या कराचा मुद्दा थोडा अडकलेला आहे. टॉवरवर मालमत्ता कर लावायचा राज्यांचा अधिकार सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१६ मध्ये मान्य केला. पण २०२३ च्या दूरसंचार कायद्याचं कलम १४ म्हणतं की दूरसंचार जाळं हे ज्या मालमत्तेवर बसवलं तिचा भाग धरायचं नाही, मालमत्ता करासाठीही नाही. म्हणून नमुना ८ ला (ग्रामपंचायतीच्या कर आकारणी यादीला) टॉवर चढवून मोठी मागणी काढायच्या आधी जिल्हा परिषदेकडून लेखी मार्गदर्शन मागवा. वसुली पुढे अडकली की ग्रामसेवक आणि सरपंचालाच उत्तर द्यावं लागतं.

आता पवनचक्की. ब्राह्मणवेल, छडवेल या पट्ट्यात सुरुवातीच्या काळात बसलेल्या बऱ्याच मशीन सव्वा मेगावॅटच्या किंवा त्याहून लहान आहेत. केंद्राच्या डिसेंबर २०२३ च्या पुनर्बांधणी धोरणात २ मेगावॅटखालची मशीन बदलून मोठी बसवायला वाट करून दिली आहे. तिथूनच तुमच्या प्रश्नातलं खरं गणित सुरू होतं.

केंद्रीय नवीन व नवीकरणीय ऊर्जा मंत्रालयाची २२ ऑक्टोबर २०१६ ची मार्गदर्शक तत्त्वं दोन अंतरं सांगतात. रस्ता, रेल्वे, इमारत, सार्वजनिक संस्था आणि अतिउच्च दाबाची लाइन यांच्यापासून: पवनचक्कीच्या मनोऱ्याची उंची, अधिक पंख्याच्या व्यासाचा निम्मा, अधिक ५ मीटर. आणि राहत्या घरापासून, आवाजासाठी: ५०० मीटर.

पहिलं अंतर मशीनबरोबर बदलतं. जुनी मशीन ७४ मीटर उंच आणि ६६ मीटर व्यासाची धरली तर ७४ + ३३ + ५ = ११२ मीटर. नवी ३ मेगावॅटची, १४० मीटर उंच आणि १४४ मीटर व्यासाची धरली तर १४० + ७२ + ५ = २१७ मीटर. म्हणजे गावाचा रस्ता जुन्या मशीनपासून १५० मीटरवर असेल तर तेव्हा सगळं नियमात होतं, त्याच पायावर नवी उभी केली तर नाही. 'जागा तीच आहे, परवानगी आहेच' असं कंपनी म्हणाली तर हे गणित कागदावर मांडून विचारा.

तुमचं घर साडेचारशे मीटरवर म्हणजे दुसऱ्या अंतरात कमी पडतं. जुनी मशीन २०१६ च्या आधीची असल्याने तिच्याविरुद्ध या आकड्याचा उपयोग नाही. नवी मशीन ही माझ्या मते नवी उभारणी आहे आणि तिथे ५०० मीटर मागायला हरकत नाही. फक्त अर्जात 'कायद्याचा भंग' असं लिहू नका, कारण ही मार्गदर्शक तत्त्वं आहेत. 'अंतराची पूर्तता नकाशासह दाखवावी' असं लिहा, आणि अर्ज महाऊर्जा (राज्याची अपारंपरिक ऊर्जा संस्था), जिल्हाधिकारी आणि कंपनी तिघांना द्या.

इथे हमखास एक घोळ होतो. कंपनीचा सर्वे उपग्रह नकाशावरून होतो आणि मळ्यातलं पत्र्याचं घर त्यात 'गोठा' म्हणून सुटतं. घराची नमुना ८ ला नोंद, वीज बिल आणि रेशनकार्डावरचा पत्ता यांपैकी जे असेल ते आधी जोडून ठेवा. अंतर मोजायचं ते मशीनच्या मध्यापासून घराच्या भिंतीपर्यंत, सरळ रेषेत. मोबाइलच्या नकाशावरचा आकडा बोलण्यापुरता ठीक आहे. पुढे टिकायचं असेल तर तालुक्याच्या भूमी अभिलेख उपअधीक्षक कार्यालयात मोजणीचे पैसे भरून 'क' प्रत घ्या.

सावलीचा त्रास वेगळाच. नव्या मशीनचं टोक १४० + ७२ = २१२ मीटरवर जातं; अशा पंख्याची सावली सूर्य १० अंशावर असताना साधारण १२०० मीटर लांब पडते. म्हणजे ५०० मीटर पाळूनही सकाळी किंवा संध्याकाळी खिडकीत उजेड-सावली लपलपत राहू शकते. घर मशीनच्या पूर्वेला असेल तर संध्याकाळी, पश्चिमेला असेल तर सकाळी. ही गोष्ट आवाजाच्या तक्रारीत मिसळू नका, कंपनीकडे सावलीचा नकाशा वेगळा मागा. मशीन ठरावीक वेळात थांबवायचं सॉफ्टवेअर असतं.

आता एक गोष्ट बहुतेकांच्या लक्षात येत नाही: पातं कुणाच्या शेतावरून फिरतं. मशीनचा पाया स्वतःच्या गटात असला तरी ७२ मीटरचं पातं बांधाच्या पलीकडे जातं. शेजाऱ्याच्या जागेवरून पंखा फिरणार असेल तर त्याची लेखी संमती आणि मोबदला वेगळा ठरवायचा. बांधापासून मशीनचा मध्य ७२ मीटरपेक्षा जवळ असेल तर हा प्रश्न आहेच.

जमिनीचा प्रकार पाहिल्याशिवाय सही करू नका. सातबाऱ्यावर 'भोगवटादार वर्ग-२' (म्हणजे हस्तांतरणावर शासनाचं बंधन असलेली जमीन) असेल तर जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी आधी. आदिवासी खातेदार असेल आणि घेणारा बिगर-आदिवासी असेल तर महसूल संहितेचं कलम ३६-अ लागतं: पाच वर्षांपर्यंतच्या भाडेपट्ट्यालाही जिल्हाधिकाऱ्यांची पूर्वमंजुरी, त्यापुढे राज्य शासनाची मान्यताही. पंचवीस वर्षांचा करार 'पाच-पाच वर्षांचे पाच' असे तुकडे करून सही घेणारे असतात, त्यांना उभं करू नका. साक्री, शिरपूर आणि शहाद्याचा काही भाग, नंदुरबार जिल्ह्यातले अक्कलकुवा, अक्राणी, नवापूर, तळोदा हे तालुके राज्यघटनेच्या पाचव्या अनुसूचीत (आदिवासी क्षेत्रांच्या यादीत) येतात. तिथे पेसा कायद्याखाली (अनुसूचित क्षेत्रातल्या पंचायतींचा कायदा) ग्रामसभेला खरंच वजन आहे, आणि वनजमीन वळवायची असेल तर वनहक्क कायद्यानुसार ग्रामसभेची संमती लागते. बाकी पर्यावरण मंजुरी पवनऊर्जेला लागत नाही. ती पर्यावरण मंजुरीच्या २००६ च्या अधिसूचनेत नाही, आणि प्रदूषण मंडळाच्या यादीत ती पांढऱ्या, म्हणजे सर्वांत कमी प्रदूषणाच्या, गटात आहे. त्या दिशेने अर्ज करून वेळ घालवू नका.

मग ग्रामपंचायतीच्या हातात काय उरतं? रस्ता आणि मुरूम. लांब पात्यांचे ट्रेलर गावच्या वळणावर वळत नाहीत, त्यासाठी वळणं रुंद करतात, नाले बुजवतात, मोऱ्या दबतात. गावच्या रस्त्याला ग्रामपंचायतीची आणि जिल्हा परिषदेच्या रस्त्याला बांधकाम विभागाची लेखी परवानगी, वाहतुकीच्या आधीचे फोटो आणि दुरुस्तीसाठी अनामत, हे आधी घ्या. पावसाळ्यात काळी जमीन फुगते आणि भरलेला रस्ता वर्षभरात खचतो, तेव्हा ठेकेदार गेलेला असतो. मुरूम तुमच्या शेतातून उचलला आणि रॉयल्टी भरली नाही, तर महसूल संहितेच्या कलम ४८(७) ची नोटीस बाजारभावाच्या पाचपटीपर्यंतच्या दंडासह सातबाऱ्यावरच्या नावाने येऊ शकते. उचलण्याआधी तहसीलचा परवाना कुणाच्या नावे आहे ते पाहा.

लाइनबद्दल: शेतातून जाणाऱ्या वीजवाहिन्यांच्या मोबदल्याची केंद्राची जून २०२४ ची सूत्रं, म्हणजे मनोऱ्याखालच्या जागेला जमिनीच्या किमतीच्या २०० टक्के आणि तारांखालच्या पट्ट्याला ३० टक्के, ही ६६ केव्ही आणि वरच्या लाइनसाठी आहेत. पवनचक्कीपासून उपकेंद्राकडे जाणारी अंतर्गत लाइन बहुतेक ३३ केव्हीची असते. तिला हे सूत्र आपोआप लागू होत नाही, म्हणून खांबाचा दर करारातच ठरवा. रस्ता ओलांडताना तार जमिनीपासून ६.१ मीटरखाली नको, नाहीतर कापसाची भरलेली ट्रॉली अडकते.

आणि तुमच्याच प्रश्नात टॉवर आणि पवनचक्की शेजारी आल्या आहेत, तर हेही बघा. गावातले बरेच टॉवर पांढऱ्या गोल डिशने दुसऱ्या टॉवरशी जोडलेले असतात. १० किलोमीटरच्या दुव्याला १५ गिगाहर्ट्झवर मध्यभागी सरळ रेषेभोवती साधारण ७ मीटर त्रिज्येचा मोकळा पट्टा लागतो. नवा पंखा त्या पट्ट्यात फिरला तर नेटवर्क पंख्याच्या लयीत तुटतं, आणि मग गावभर चर्चा होते की टॉवर खराब आहे. टॉवर कंपनीला पवनचक्कीच्या नव्या जागेचे अक्षांश-रेखांश आधीच द्या. दीडशे मीटरच्या वरचं मशीन विमानवाहतुकीच्या हिशेबातही अडथळा धरलं जातं, त्यामुळे मनोऱ्याच्या माथ्यावर लाल दिवे येतील. जळगाव विमानतळाच्या २० किलोमीटरच्या आत असाल तर उंचीची ना-हरकत वेगळी.

करारात शेवटी हे नक्की घाला: मुदत संपल्यावर मशीन आणि पाया कोण काढणार, आणि पाया जमिनीखाली किती खोलपर्यंत. नांगर आणि पाइपलाइनसाठी किमान दीड मीटर मागा, त्यासाठी बँक गॅरंटी घ्या. वर्षापेक्षा जास्त मुदतीचा भाडेपट्टा नोंदणीकृतच हवा. तलाठ्याकडून फेरफाराची नोटीस आली की १५ दिवसांत हरकत नोंदवायची, उशीर केला तर नोंद 'इतर हक्क' रकान्यात बसते आणि मग ती काढायला प्रांताकडे अपील.

तुमच्या गटाचा सातबारा वर्ग-१ आहे की २, आणि मशीनच्या मध्यापासून बांध किती मीटर, हे दोन आकडे टाका. पुढचा अर्ज कुठे द्यायचा ते त्यावरून सांगतो.